मशीनकाकू रडत का नाहीत

मिस्त्री गेले त्याला बावीस दिवस झाले, आणि तेविसाव्या दिवशी सकाळी मशीनकाकूंनी दुकानाचं शटर वर केलं. तेवढ्यावर भागलं असतं. पण शटर वर करता करता त्या चक्क गुणगुणत होत्या, आणि ते नेमकं वरच्या मजल्यावरच्या हेडबाईंच्या कानावर पडलं.

हेडबाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी हजेरी घ्यायची सवय सुटली नव्हती. जिना कोण चढलं, कोण उतरलं, कुणाकडे पाहुणे आले, सगळी नोंद डोक्यात. त्या तिसऱ्या पायरीवर थबकल्या आणि वाकून दुकानात बघायला लागल्या. काकू कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढून एका मशीनच्या पोटात तेलाची कुपी धरून बसल्या होत्या. गुणगुणणं चालूच.

"बऱ्या आहात ना?" हेडबाईंनी विचारलं.

"बरी आहे की. तुमचा गुडघा काय म्हणतोय?"

हेडबाईंनी गुडघ्याचं काही सांगितलं नाही. त्या तशाच वर गेल्या आणि संध्याकाळपर्यंत इमारतीच्या चारही मजल्यांवर बातमी पोचली, की मशीनकाकूंचं काहीतरी बिनसलंय. नवरा जाऊन महिना झाला नाही आणि बाई गाणी म्हणतेय.

काकूंचं दुकान म्हणजे रस्त्याकडची एक खोली, आणि तिच्यामागे राहायच्या दोन. दुकानात शिवणाच्या मशिनी दुरुस्त व्हायच्या. मूळ धंदा मिस्त्रींचा. मशीनच्या आवाजावरून आत काय झिजलंय ते सांगणारा माणूस. साडेसात वर्षांपूर्वी एका दुपारी त्यांच्या हातातला पेचकस खाली पडला, तो उचलायला ते वाकले आणि तिथेच कलंडले. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. दोन महिने दवाखान्यात काढून घरी आले ते मधल्या खोलीतल्या पलंगावर.

दुकान बंद ठेवून चालण्यासारखं नव्हतं. काकूंनी शटर उघडलं तेव्हा त्यांना सुई बदलण्यापलीकडे काही येत नव्हतं. त्या मशीन चालवायच्या, भिंतीपलीकडे मिस्त्री पडल्या पडल्या आवाज ऐकायचे आणि अर्ध्या तोंडाने ओरडायचे, "दा...ते!" म्हणजे कापड पुढे सरकवणारे दाते बघ. काकू ते खोलायच्या, बघायच्या, परत चालवायच्या. आवाज पटला नाही तर मिस्त्री बॉबिनच्या रिकाम्या डब्यावर चमचा आपटायचे. असं दोन वर्षं चाललं, आणि काकू कारागीर झाल्या. गिऱ्हाइकांना आधी हसू यायचं, मग सवय झाली. धाग्याचा ताण वाढलेली मशीन आणून "काकू, टेन्शन फार झालंय," असं कुणी म्हणालं, की त्या मान वर न करता विचारायच्या, "तुम्हाला, की मशीनला?"

अशी सात वर्षं आणि वर थोडे महिने. पहिल्या महिन्यात घर माणसांनी भरलेलं असायचं. डबे यायचे, फळं यायची, धीर यायचा. सहा महिन्यांनी फक्त चौकशी यायची, तीही जिन्यावरून जाता जाता. तिसऱ्या वर्षापासून तीही थांबली. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. ज्याला त्याला आपापला संसार होता. आणि मग एका पहाटे मिस्त्री झोपेतच गेले, तेव्हा घर पुन्हा माणसांनी भरलं.

त्या गर्दीत आल्या त्या मिस्त्रींच्या बहीण. वयाने काकूंपेक्षा लहान, पण मानाने ताई. मोठी बॅग घेऊनच आल्या होत्या. "वहिनी, तुम्हाला या अवस्थेत एकटं सोडून मी जाणार नाही," म्हणाल्या आणि राहिल्या. ताईंचं रडणं अगदी मोकळं होतं. सकाळी चहाचा पहिला घोट घेतला की दादाची आठवण, दुपारी दादाची उशी दिसली की आठवण, संध्याकाळी भेटायला कुणी आलं की सगळं पहिल्यापासून. येणारे ताईंच्या पाठीवर हात फिरवायचे आणि काकूंकडे बघायचे. काकू पाण्याचे पेले घेऊन उभ्या असायच्या.

"यांना अजून रडू फुटलेलं नाही," ताई हलक्या आवाजात सांगायच्या. तो हलका आवाज स्वयंपाकघरापर्यंत नीट ऐकू यायचा.

काकूंची लेक दूरच्या गावी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. तिचा रोज संध्याकाळी फोन. पूर्वी विचारायची, "आई, जेवलीस का?" आता विचारायला लागली, "आई, आज रडलीस का?" तिने कुठेकुठे वाचलं होतं. आत दाबून ठेवलेलं दुःख पुढे कसं उसळतं, त्याने काय काय आजार होतात, त्याची सगळी यादी तिच्याकडे तयार होती.

सुरुवातीला काकूंनी हे हसण्यावारी नेलं. पण चोवीस तास चार माणसं आपल्या तोंडाकडे बघत असली, की आपलंच तोंड आपल्याला परकं वाटायला लागतं. दुकानात गिऱ्हाईक काही गमतीचं बोललं, की काकू हसायच्या आधी जिन्याकडे बघायला लागल्या. रेडिओ लावणं बंद केलं. गुणगुणणं तर त्या दिवसापासून बंदच होतं. दुपारी ताई आडव्या झाल्या, की त्या फोटोंचा अल्बम काढून बसायच्या, की बाई, आता तरी येईल पाणी. लग्नातले मिस्त्री, लेकीला खांद्यावर घेतलेले मिस्त्री, दुकानाच्या नव्या पाटीखाली छाती काढून उभे असलेले मिस्त्री. काकूंना ते बघून छान वाटायचं. रडू काही यायचं नाही. एकदा तर चार कांदे चिरले, आणि मेले नेमके तेही गोडे निघाले.

मग भूक गेली. झोप पातळ झाली. आणि एक विचार येऊन छातीवर बसला, तो काही केल्या उठेना. आपण यांच्या मरणाची वाट तर बघत नव्हतो? हा विचार कुणाला सांगण्यासारखा नव्हता. कपडे धुताना, भाजी निवडताना, तेल घालताना तो बरोबर असायचा. एका शिवणवर्गाची मशीन काकूंनी दुरुस्त करून पाठवली, ती चौथ्या दिवशी परत आली. टाका सोडतेय म्हणे. काकूंनी बघितलं तर सुई उलटी बसवलेली. शिकाऊ पोरीसुद्धा असली चूक करत नाहीत. त्यांनी सुई सरळ केली आणि बराच वेळ त्या मशीनच्या चाकावर हात ठेवून नुसत्या बसून राहिल्या.

महिन्याच्या अखेरीस लेक चार दिवसांची रजा काढून आली. आईला बघितलं आणि तिने दुसऱ्या दिवशीचा सरकारी दवाखान्यातला नंबरच लावला.

"मनाच्या डॉक्टरकडे?" काकू म्हणाल्या. "मला वेड लागलंय का?"

"दात दुखला की दातवाल्याकडे जातोच ना आपण?"

"दात दुखतो तेव्हा लोक विचारतात, कुठला. इथे गेल्यावर लोक काही विचारत नाहीत, तेच वाईट."

गेल्या शेवटी. दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर एकाच बोळात डोळ्यांचा विभाग होता आणि त्याच्याच पुढे मनाचा. बाकं मात्र सगळी एका ओळीत. लेक केसपेपर काढायला गेली आणि काकू मुद्दामच डोळ्यांच्या बाकावर टेकल्या. शेजारी बघतात तो त्यांचं जुनं गिऱ्हाईक, चौकातले शिंपी. पुरुषांचे कपडे शिवायचे, स्वभावाने अबोल.

शिंपी दचकले. "काकू! तुम्ही इकडे?"

"डोळे," काकू म्हणाल्या. "हल्ली सुईत धागा जात नाही."

"मीपण. डोळेच." शिंप्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

दोघं बराच वेळ डोळ्यांविषयी बोलले. मोतीबिंदू, थेंब, चाळिशी, सगळं झालं. तेवढ्यात पुढच्या दारातून शिपायाने शिंप्यांचं नाव पुकारलं. शिंपी उठले, डोळ्यांचं दार ओलांडून पुढे गेले आणि जाताना काकूंकडे असं बघितलं, की काकूंना त्यांची कीव आली. पाचच मिनिटांनी त्याच दारातून काकूंचा पुकारा झाला. शिंपी कागद घेऊन बाहेर येत होते. दोघांनीही एकमेकांना वाट करून दिली.

डॉक्टरीणबाई लेकीपेक्षाही लहान दिसत होत्या. टेबलावर पाण्याची बाटली, कागदांचा गठ्ठा, आणि स्वेटरचं मधलं बटण तुटलेलं. काकूंची नजर आधी त्या बटणावर गेली.

"सांगा, काय त्रास होतोय?"

"मला त्रास होत नाही, हाच त्रास आहे," काकू म्हणाल्या.

लेकीने बोलायला तोंड उघडलं. डॉक्टरीणबाईंनी तिला हातानेच थांबवलं. मग काकूंनी सांगितलं. मिस्त्री गेले ते, दुकान उघडलं ते, गुणगुणल्या ते, कांद्यांचंसुद्धा.

"शेवटचं कधी रडला होतात?"

काकूंनी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाल्या, "पाच वर्षं झाली असतील. यांना दुसरा झटका आला होता. बोलणं तोवर बरंच सुधारलं होतं, पण त्यानंतर माणसं ओळखायचं गेलं. एकदा मी यांचं अंग पुसत होते, तर मला म्हणाले, अहो सिस्टर, माझी बायको कधी येते हो भेटायला?"

डॉक्टरीणबाईंनी पाण्याची बाटली काकूंपुढे सरकवली.

"मग?"

"मग काय. म्हटलं, येतील संध्याकाळी. संध्याकाळी कपडे बदलले, केस विंचरले आणि पुढच्या दाराने आत आले. इतके खूश झाले! म्हणाले, बरं झालं आलीस. इथली सिस्टर स्वभावाने चांगली आहे, पण हात फार जोरात चोळते." काकू हसल्या. हसता हसता पदर तोंडाशी नेला. "त्या दिवशी दुकानात गेले, शटर खाली ओढलं आणि मोटारीची मशीन चालू केली. धागा न लावताच. तिचा आवाज मोठा असतो. वर हेडबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून. आणि रडले. मग रोजच. दुपारी दोन ते अडीच. हे जरा झोपायचे त्या वेळात. सहा महिने तरी चाललं असेल. लोक म्हणायचे, दुपारचंसुद्धा काम करते हो बाई."

"आई," लेक म्हणाली, "मला का नाही सांगितलंस?"

"तुझी परीक्षा होती."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "काकू, तुमचं माणूस काही एका पहाटे गेलं नाही. हात गेला, बोलणं गेलं, ओळख गेली, आणि तुम्ही दर वेळेला रडलात. तेव्हा बघायला कुणी नव्हतं, एवढंच. आता सगळे बघायला आलेत आणि तुमचं झालंय."

काकूंनी मान हलवली, पण त्यांच्या चेहऱ्यावरून अजून काही राहिलंय असं दिसत होतं. त्यांनी मागे वळून दार नीट लागलंय ना बघितलं आणि हळूच विचारलं, "मी वाट बघत होते का हो यांच्या जाण्याची?"

"त्या सकाळी काय वाटलं?"

"वाटलं, सुटले बिचारे." काकू म्हणाल्या, "आणि मीही."

"हा प्रश्न मला आठवड्याला दोघं-तिघं तरी विचारतात. आणि सगळे आधी दार बघतात, तुमच्यासारखंच." डॉक्टरीणबाई हसल्या. "सात वर्षं उचललेलं ओझं खाली ठेवल्यावर हलकं वाटणारच. त्याचा अर्थ ओझं नकोसं होतं असा होत नाही. गोळ्या देत नाही मी. झोप पंधरा दिवसांत सुधारली नाही तर या. आणि जे मला सांगितलंत ते घरात सांगा. सगळ्यात आधी नणंदेला."

"आणि तुम्ही ते बटण लावून घ्या," काकू उठता उठता म्हणाल्या. "द्या इकडे, पाच मिनिटांचं काम आहे." पिशवीत सुईदोरा असायचाच. बटण लावूनच त्या बाहेर पडल्या.

संध्याकाळी ताई ओट्याशी मटार सोलत बसल्या होत्या. काकू समोर बसल्या, मूठभर शेंगा आपल्यापुढे ओढल्या आणि सिस्टरची गोष्ट सांगितली. मोटारीच्या मशीनचीही. ताईंचे हात थांबले. काकूंना वाटलं, आता रडतील. पण ताई रडल्या नाहीत.

"वहिनी, मी सात वर्षांत किती वेळा आले?"

"आलात की. तीनदा."

"तीनदा. आणि तिसऱ्यांदा आले तेव्हा दादाने मला विचारलं, आपण कोण? परत गेल्यावर मी दर सुट्टीला तिकीट काढायचे आणि रद्द करायचे. धीरच होईना. आता इथे बसून रडते ती काय नुसती दादासाठी रडते?" ताईंनी नाक पुसलं. "तुम्ही रडत नव्हतात ना, तर मला मेलीला बरं वाटायचं. म्हटलं, चला, मला तुमच्यापेक्षा जास्त वाटतंय त्याचं."

हे ऐकून काकूंना राग यायला हवा होता. त्यांना हसूच आलं. इतकं खरं बोललेलं त्या घरात फार दिवसांनी कुणी ऐकलं होतं.

मग काकू ताईंना त्या चुकवलेल्या वर्षांचं सांगत बसल्या. दादा डब्यावर चमचा कसा आपटायचे, एकदा समोरच्या दुकानातल्या पिठाच्या चक्कीचा आवाज ऐकून "तेल! तेल!" म्हणून कसे ओरडले, आणि काकूंनी जाऊन सांगितल्यावर चक्कीवाल्याने तेल घातलं तर आवाज खरंच कसा थांबला. ताई हसता हसता खोकायला लागल्या. लेक आतून बाहेर आली. आणि अर्थातच, हजेरी घ्यायला हेडबाई खाली उतरल्या.

"काय झालं? सगळं ठीक आहे ना?"

"दादाच्या गोष्टी चालल्यात," ताई म्हणाल्या. "बसा तुम्हीपण. शेंगा घ्या."

हेडबाई बसल्या. काकूंनी त्यांनाही सगळं सांगितलं, अगदी दोन ते अडीचसुद्धा. हेडबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. "आमच्या पायाखाली रोज ती मशीन घरघरायची. मी तर तक्रार करणार होते एकदा." मग म्हणाल्या, "माझी आई गेली तेव्हा मी चौथ्या दिवशी शाळेत हजर झाले होते. सगळे म्हणाले, काय कणखर बाई आहे! आणि तुम्ही दुकान उघडलंत तर मीच म्हटलं..." पुढचं त्यांनी गिळलं. मटार मात्र सगळे सोलून दिले.

त्यानंतर काकूंना एकदम गाढ झोप लागायला लागली असं नाही. पण भूक आली. रेडिओ परत सुरू झाला. ताई आणखी पंधरा दिवस राहिल्या आणि जाताना सुट्ट्या बॉबिनी रंगाप्रमाणे लावून गेल्या. लेक फोनवर पुन्हा जेवणाचं विचारायला लागली.

एका सोमवारी शिंपी आपली मशीन घेऊन आले. मशीनला काही झालेलं नव्हतं. काकूंनी चाक फिरवलं, ऐकलं आणि म्हणाल्या, "ही तर चांगली चालतेय. तुमचे डोळे काय म्हणतायत?"

शिंपी खाली बघून हसले. "आईसाठी जातो मी तिकडे, औषध आणायला. तिला काही आठवत नाही आता. चार वर्षं झाली. बाहेर कुणाला सांगितलेलं नाही. सगळं बायको बघते. ती हल्ली बोलतच नाही फारसं."

काकूंनी मशीन परत गुंडाळून दिली. "गुरुवारी माझं दुकान बंद असतं. दुपारी येईन मी तुमच्याकडे. आईंपाशी बसेन दोन तास. बायकोला म्हणावं, बाहेर जाऊन ये."

पहिल्या गुरुवारी शिंप्यांची बायको दारातून निघाली आणि वीस मिनिटांत परत आली. काकूंनी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "कोपऱ्यापर्यंत गेले आणि कळेचना, कुठे जायचं ते." आल्या आल्या तिने पदर खोचला आणि सासूची चादर बदलायला लागली. दुसऱ्या गुरुवारी ती तासभर बागेत बसून आली. कुणाशी बोलली नाही, नुसती बसली, म्हणाली.

तोवर शिंप्यांच्या आईशी, म्हणजे आजींशी, काकूंची गट्टी जमली होती. आजी त्यांना कधी मोठी बहीण समजायच्या, कधी दूधवाली. काकू दोन्हीला हो म्हणायच्या. दूधवालीला आजी रागवायच्या, बहिणीला गुपितं सांगायच्या.

तिसऱ्या गुरुवारी दोन तास होऊन गेले, तरी सून आली नाही. काकूंनी घड्याळ बघितलं आणि समाधानाने पाय लांब केले. पाचच्या सुमाराला दार उघडलं. तिने केस मानेपर्यंत कापून घेतले होते. दारातच उभी राहिली, एक हात मानेवर.

"फारच आखूड झाले का हो?" तिने विचारलं.

आजींनी सुनेकडे निरखून बघितलं. "ही कोण नवी आलीय?" त्या काकूंना म्हणाल्या. "दिसायला छान आहे."

सून आधी गोंधळली, मग खळखळून हसली. काकूंनी उठून चहाचं आधण ठेवलं आणि त्या घरातला साखरेचा डबा शोधायला लागल्या.